ओल्या लाकडाचं आसन

जानेवारीतल्या एका दुपारी आमच्या वेस्ट विंडसरच्या घरात असा बार झाला की माझी सून रुचा ऑफिसची मीटिंग तशीच टाकून जिन्यावरून धावत खाली आली. तिला वाटलं, अण्णा पडले. मी कसला पडतोय! मी सोफ्यावर बसून शेंगदाणे खात होतो. पडलं काहीच नव्हतं. कोजोनं माझ्यासाठी घडवलेलं स्टूल, सबंध एका लाकडातून काढलेलं, वरपासून खालपर्यंत उभं फुटलं होतं. ठेवलं होतं नेमकं हीटरच्या जाळीशेजारी. गरम हवा खाऊन खाऊन तडकलं बिचारं.

"अण्णा, रिटर्न करता येईल का हो?" रुचा म्हणाली.

"अगं, त्यानं माझं माप घेऊन केलंय. रिटर्न करून त्यावर कुणाला बसवशील?"

हे माप घेण्याचं प्रकरण आधी सांगायला हवं, म्हणजे कोजो कोण आणि अबेना कोण ते कळेल.

रुचा नागपूरची. तिला घर सजवायचा भारी नाद. इथून जवळच ट्रेंटन गाव आहे, तिथं एका बंद पडलेल्या कारखान्यात कलाकार मंडळींनी गाळे घेतलेत. आदल्या वर्षीच्या ऑगस्टात ती मला तिकडं घेऊन गेली. एका गाळ्यात एक बारीक चणीची काळी बाई खुर्चीला तेल लावत होती. पस्तिशीची असेल. डोक्याला पिवळा रुमाल, आणि बाहेर ऊन मी म्हणतंय तरी अंगात जाड लोकरीचा स्वेटर. ती अबेना. जन्म ट्रेंटनचा, आईबाप आफ्रिकेतल्या घानाचे. शिकली होती फर्निचर डिझाइन. तिच्या खुर्च्या बघून मी आपला उभाच राहिलो. एका खुर्चीच्या पाठीला लाकडाच्या रंगीत पट्ट्या अशा गुंफल्या होत्या, जशा तिकडच्या लोकांच्या सणाच्या कापडात असतात. एक लांब बाक होता, त्याची दोन्ही टोकं होडीसारखी वर उचललेली. म्हणाली, आजीच्या गावचे कोळी असल्या होड्या समुद्रात घालतात. पण सगळं नव्या घरात शोभेल असं, सुटसुटीत. देव्हाऱ्यात ठेवायचं नाही, बसायचं.

लोखंड मात्र कुठंही नाही. खिळासुद्धा नाही. मी खुणेनं विचारलं, तर म्हणाली, "लोखंड थंड असतं. थंडी लागली की माझी हाडं ओरडतात."

घरी येताना रुचानं गाडीत सांगितलं, "अण्णा, तिला सिकलसेल आहे. आमच्या विदर्भात कितीतरी घरांत आहे तो. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अडकतात. फार दुखतं म्हणे, काचा फिरल्यासारखं."

आणखी एक गोष्ट मी तिथं पाहिली. प्रत्येक जाड लाकडात एका बाजूनं करवतीची सरळ चीर. मला वाटलं, माल फुटका आहे. मी रुचाला हळूच म्हटलं, "फुटकं दिसतंय गं, भाव कमी कर म्हणावं." रुचानं ते तसंच्या तसं सांगितलं, वेडी पोर! अबेना खो खो हसली. म्हणाली, "लाकूड वाळताना आकसतं, आणि मग कुठंतरी फुटणारच. मी त्याला आधीच जागा देते. इथं फूट, म्हणते, दुसरीकडे नको."

रुचाला हवं होतं एक ठेंगणं स्टूल, झाडाची कुंडी ठेवायला. अबेना म्हणाली, "तसली स्टुलं माझे वडील करतात. पण ते विचारतील, बसणार कोण?"

"कोणी नाही. कुंडी."

"कुंडीला बूड आहे, गुडघे नाहीत. माणूस सांगा."

रुचानं माझ्याकडे बोट दाखवलं. झालं, मी गिऱ्हाईक झालो.

तिच्या वडिलांचं, म्हणजे कोजोचं घर तिथून जवळच. सत्तरीचा गडी, हात असे की जात्याची पाळ. त्यानं फूटपट्टी काढली नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला, माझ्या गुडघ्याखाली वीत लावली, पाठीवर पंजा ठेवला, आणि विचारलं, "कुठल्या वारी जन्मलास?" त्यांच्यात वारावरून नाव ठेवतात. सोमवारचा मुलगा कोजो, मंगळवारची मुलगी अबेना. माझी जन्मतारीख शाळेत मास्तरांनी अंदाजानं घातलेली, पण आई म्हणायची, तू बाजारादिवशी झालास. आमच्या गावचा बाजार गुरुवारचा. "मग तू याव," कोजो म्हणाला. म्हटलं, मी याव, तर तुम्ही सोमाजीराव. आमच्याकडेही सोमा, मंगळा, बुधा, शुक्र्या असायचेच की! हे रुचानं त्याला इंग्रजीतून सांगितल्यावर त्यानं माझ्या पाठीत असा रट्टा घातला की माझी कवळी हलली.

असा आमचा दोस्ताना. माझं इंग्रजी गिरणीच्या सैल पट्ट्यासारखं, मध्येच घसरतं. मी गावी पिठाची गिरणी चालवायचो, म्हणून हे सुचतं. पण त्याचं बोलणं संथ, आणि रुचा सोबत असायचीच.

त्याची सगळी हयात स्वयंपाकघराची कपाटं करणाऱ्या कारखान्यात गेली. दिवसभर भुसा दाबून केलेल्या पाट्या कापायच्या, आणि घरी येऊन गॅरेजमध्ये बापाची विद्या चालवायची. बाप तिकडं स्टुलं कोरायचा. त्यांच्यात स्टूल म्हणजे नुसतं बसायचं लाकूड नव्हे. माणसाचा जीव त्यात राहतो म्हणतात. वर चंद्रकोरीसारखी बैठक, मधे खांब, खाली जोतं, आणि सगळं एकाच ओंडक्यातून. सांधा नाही, डिंक नाही. नवरा लग्नात बायकोला देतो. बाप लेकीला देतो.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्यांदा त्याच्या घरी गेलो, तर दिवाणखान्याच्या भिंतीशी एक जुनं स्टूल आडवं कलंडून पडलेलं. आपल्याकडे चप्पल उलटी दिसली की घरात भांडण होतं म्हणून आपण पायानं का होईना ती सरळ करतो. मला तर ती सवय इतकी, की मॉलमधल्या बुटांच्या दुकानातही मी बूट सरळ करत हिंडतो आणि माझा मुलगा केदार तोंड लपवतो. मी स्टूल उचललं, नीट उभं केलं, आणि चांगुलपणानं वर बसलो.

कोजो चहा घेऊन आला आणि दारातच थांबला. 

ते त्याच्या बायकोचं, ग्रेसचं स्टूल. रिकामं स्टूल त्यांच्यात आडवं करून ठेवतात, कुणी भलत्यानं येऊन बसू नये म्हणून. आणि मी बसलो होतो. मी ताडकन उठलो. रुचाचा चेहरा पांढरा पडला, उलट्या चपलेची आमची सवय ती त्याला इंग्रजीतून समजावू लागली. पण आतून अबेना हसत आली. "बरं झालं! आई गेल्यापासून त्यावर कोणी टेकलं नव्हतं. डॅडी, बघ, अंकल अजून जिवंत आहेत."

कोजो हसला नाही. त्यानं स्टूल परत आडवं केलं, तेव्हा मला त्यातली चीर दिसली. बैठकीच्या मधोमध, हात घालता येईल एवढी.

लग्न झालं तेव्हा कोजो इथं नवा होता. घाईनं ओल्या झाडाचं लाकूड घेतलं आणि ग्रेसला स्टूल करून दिलं. पहिल्याच हिवाळ्यात ते फुटलं. त्याच्या बापाच्या गावची हवा बारा महिने दमट, तिथं ओलं लाकूड हळूहळू वाळतं. इथं घराघरात हीटर. ग्रेस त्या फुटक्यावरच बसायची, चिमटा काढतंय म्हणून नवऱ्याला चिडवायची. पुढं अबेना शाळेत असताना ग्रेसला कॅन्सर झाला आणि ती गेली. कोजोच्या मनानं घेतलं की फट आधी लाकडाला पडली आणि मग तिला.

म्हणून लेकीचं स्टूल करायचं तर पूर्ण वाळलेल्या, एकही चीर नसलेल्या लाकडातून, असा त्याचा पण. अबेना कॉलेजात गेली त्या साली त्यानं ट्यूलिप पॉपलर नावाच्या झाडाचा एक जाडजूड ओंडका आणला. दोन्ही टोकांना मेण फासलं, म्हणजे ओल सावकाश जाईल. गॅरेजमध्ये पट्ट्यांवर ठेवला. महिन्याला कूस बदलायची, हात फिरवायचा, कान लावायचा. वर्षांमागून वर्षं. विचारलं की, "अजून नाही."

आणि इकडं अबेनाचं दुखणं वाढत चाललेलं. दर खेपेला हॉस्पिटलमधून ती थोडी कमी होऊन घरी यायची. एकदा खुबा गेला, मग एका डोळ्याची नजर. गाळ्यावर जाणं आठवड्यातून एकदोन दिवसांवर आलं.

तर माझं स्टूल जानेवारीत फुटलं, ते घेऊन आम्ही कोजोकडे गेलो. मला वाटलं, बघून हसेल, दुरुस्त करून देईल. कसलं काय! त्यानं चिरेत बोट घातलं आणि लेकीकडे वळून म्हणाला, "बघ. याला चार वर्षं वाळवलं होतं. तरी फुटलं. आणि तू म्हणतेस, आताच कर."

म्हणजे मी आगीत तेलच घेऊन गेलो होतो.

"मी म्हणते तशी चीर आधी दिली असतीस तर फुटलं नसतं," अबेना म्हणाली.

"स्टूल म्हणजे सबंध माणूस. मी माझ्या मुलीला आधीच चिरून देऊ?"

"डॅडी, मी आधीच चिरलेली आहे. हॉस्पिटलवाल्यांना विचार."

ती काठी टेकत ओंडक्यापाशी गेली, खिशातून खडू काढला आणि त्याच्या तोंडावर, कडेपासून पार गाभ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. "इथं काप. मग उद्या कोरलंस तरी चालेल."

"अजून वाळलं नाही."

"हे वाळेपर्यंत मी वाळेन."

परत निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "अंकल, आयुष्यभर मी लोकांना बसायला करून दिलं. हॉटेलांत माझ्या खुर्च्या आहेत. पण आमच्यात ज्याचं स्वतःचं स्टूल नाही, तो घरात पाहुणाच. आणि माझं त्यांनीच द्यायचं असतं. मला एकदा त्यावर बसायचंय. फुटेल तेव्हा फुटेल."

मी दर भेटीत सोमाजीरावांच्या मागं लागायचो. अहो, करा की. तो रेघेवरून हात फिरवायचा. पुसायचाही नाही, कापायचाही नाही.

ऑक्टोबरात दुखणं अबेनाच्या छातीत उतरलं. आयसीयूत ठेवली. एके सकाळी कोजोचा फोन आला, "याव, ये." रुचानं एक कॉल कॅन्सल केला आणि आम्ही निघालो. वाटलं, संपलं.

गॅरेजचं दार सताड उघडं. ओंडका शेवटी कोरायला काढून मधोमध आडवा कापलेला, दोन तुकडे, आणि कोजो उलट्या बादलीवर बसलेला. मी वाकून पाहिलं. बाहेरून एक ओरखडा नाही, आणि आत? गाभ्यापासून चहूबाजूंनी चिरा, चांदणी काढावी तशा. आतल्या आतच फुटून गेला होता, कोण जाणे कधी. मेण लावलेली टोकं शाबूत, त्यामुळं कळलंच नाही. खडूची रेघ एका तुकड्याच्या टोकावर तशीच होती.

"मी रोज कान लावायचो," तो म्हणाला. "काही ऐकू आलं नाही."

मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिलो. रुचा दाराशी पाठ करून उभी होती, डोळे पुसत.

बऱ्याच वेळानं तो उठला. "ओलं लाकूड पाहिजे," म्हणाला.

आदल्या आठवड्यातल्या वादळात त्यांच्या पुढच्या गल्लीत एक झाड पडलं होतं. लोक त्याचे तुकडे करून रस्त्याकडेला लावत होते. कोजोनं त्यातला एक मागून आणला. अजून साल हिरवी. मग त्यानं वाकस, लाकूड तासायचं हत्यार, उचलला. आमच्या गावच्या सुताराकडे असायचा तसाच, फक्त दांडा आखूड. एकेका घावाला लाकडातून पाणी उडायचं, त्याच्या भुवयांवर, माझ्या चष्म्यावर. मी ओंडका धरून बसायचो, ढलप्या बाजूला सारायचो. ओल्या लाकडाचा असा गोड वास, की मला भलत्या वेळी भूक लागायची. सकाळी तो हॉस्पिटलात, दुपारी गॅरेजात. जेवला की नाही हे विचारलं की म्हणायचा, "हो." रुचा डब्यात वरणभात आणायची, तो अर्धा खायचा.

आकार आला. चंद्रकोर, खांब, जोतं. राहिली ती चीर. त्यानं करवत ठेवली आणि परत उचलली. पुन्हा ठेवली. मी मान फिरवली, माझ्यासमोर अवघड होत असेल म्हणून. मग करवतीचा आवाज आला, न थांबता, गाभ्यापर्यंत.

नोव्हेंबरात अबेनाला घरी पाठवलं. गाडीत रुचा म्हणाली, "अण्णा, बरी झाली म्हणून नाही पाठवलं हं. समजून घ्या."

नाकात ऑक्सिजनची नळी, अंगावर रजयांचा ढीग, आणि चेहरा एवढासा. कोजोनं स्टूल आणून पलंगापाशी ठेवलं. ती नुसती बघत राहिली. मग बोट चिरेवरून नेलं, वरून खाली. "सरळ कापलीस," म्हणाली.

बसायचं तर स्टूल ठेंगणं, आणि तिच्या पायांत जीव नाही. कोजोनं मागून काखेत हात घातले, मी पुढून हात धरले, रुचानं नळी सांभाळली. टेकवलं. आणि टेकल्याबरोबर तिनं दात आवळले.

"ओलं आहे," ती म्हणाली. "थंड आहे, डॅडी."

थंडीचं तिला काय व्हायचं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक. लाकडाची ऊब हवी म्हणून ती जन्मभर लाकडात राहिली, आणि तिचं स्वतःचं स्टूल लोखंडासारखं गार. आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कोजो घाबरून तिला उचलायला लागला. मी मफलर काढून पुढं केला.

"थांबा. मधे काही नको."

बसली. कपाळाला घाम, माझ्या हातात तिची नखं रुतलेली. बाहेर शेजाऱ्याचा पानं उडवायचा पंखा घरघरत होता. तो थांबला तशी ती म्हणाली, "माप बरोबर घेतलंस." मग म्हणाली, "आता उचल."

त्यानंतर ती पुन्हा त्यावर बसू शकली नाही. त्याच महिन्यात, एका पावसाळी सकाळी, गेली.

कोजोनं एक चमत्कारिक गोष्ट केली. ते स्टूल उचलून त्यानं थेट हीटरच्या जाळीपाशी ठेवलं. मी म्हटलं, "सोमाजीराव, तिथं नको, माझ्याचं काय झालं बघितलंत ना!" तो म्हणाला, "तिथंच." मला वाटलं, माणूस रागानं करतोय, फुटूनच जाऊ दे म्हणतोय. अख्खा हिवाळा मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा तो त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेला. टीव्ही नाही. बार व्हायची वाट बघत असावा.

एप्रिल उजाडला, हीटर बंद झाले. मी गेलो तेव्हा त्यानं मला हाताला धरून स्टुलापाशी नेलं. रंग उतरून पांढुरकं पडलं होतं, आणि हलकं झालेलं. करवतीची ती बारीक चीर उघडत उघडत माझं बोट जाईल एवढी झाली होती.

"दुसरीकडे शोध," तो म्हणाला.

मी चष्मा चढवला. बैठक पाहिली, खांब पाहिला, उलटं करून जोतं पाहिलं. हात फिरवला सगळीकडून. केसाएवढीही फट नाही.

"नाही," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "एकही नाही. मी रोज बघत होतो." आणि मग चिरेवरून हात फिरवत, "ओंडका आणला तेव्हाच केलं असतं तर ती यावर पंधरा वर्षं बसली असती. वाळलेल्यावर. उबदार."

तो म्हणत होता ते खरंच होतं.

त्यानं स्टूल आडवं केलं आणि ग्रेसच्या स्टुलाशेजारी भिंतीशी ठेवलं. दोन्ही कलंडलेली. माझा हात सवयीनं पुढं झाला. मी तो खिशात घातला.

निघताना दारात बूट घालायला वाकलो, तर एक बूट उलटा पडलेला. मी हात घालायच्या आत कोजो गुडघ्यावर हात टेकून सावकाश वाकला, आणि त्यानं तो सरळ करून माझ्या पायाशी ठेवला.